जिथून कापलं, तिथेच शिवलं

काळाभोर बेल्जियन शीपडॉग. लांब झुबकेदार केस, ताठ कान, मेंढरं राखण्यासाठी घडवलेली चलाख जात. पण या कुत्र्याच्या डोळ्यांत पाहिलं की पाहणारा चमकतो. एक बुबुळ वर जातं तेव्हा दुसरं खाली येतं, मग खालचं वर आणि वरचं खाली. बागेतल्या सी-सॉवर दोन पोरं बसावीत तसं. हे चालू असतानाच दोन्ही डोळे आडवेही थरथरत असतात. क्षणाची उसंत नाही.

अशा कुत्र्यांच्या मेंदूत नेमकं काय बिघडलंय, हे रॉबर्ट विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. आपल्या दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना भेटतात आणि तिथे निम्म्याहून थोडे जास्त तंतू बाजू बदलतात, उजवीकडचे डावीकडे आणि डावीकडचे उजवीकडे. आकार फुलीसारखा, म्हणून ग्रीक ‘काय’ या अक्षरावरून त्या जागेला कायझम म्हणतात. या कुत्र्यांच्या डोक्यात ती फुलीच नव्हती. उजव्या डोळ्याची सगळी नस उजव्या मेंदूत, डाव्याची सगळी डाव्या. एका जनुकातला दोष आई आणि बाप दोघांकडून आला की असं पिल्लू जन्मतं. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये पॅट्रिशिया अपकेरियन यांनी अशीच फुली नसलेल्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांचे डोळेही हलत होते.

या कुत्र्यांच्या नजरेची मोजमापं घेण्यासाठी विल्यम्स ज्यांच्याबरोबर काम करत होते, ते क्लीव्हलंडचे लुई डेल'ओसो. ते डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनिअर होते. आणि त्यांच्या मनात एक असा प्रश्न अनेक वर्षं घर करून होता, जो कुठल्याही रुग्णाला विचारणं अशक्य होतं.

तो प्रश्न कळायला आधी दुखणं कळायला हवं.

डोळ्यांच्या या हलण्याला वैद्यकात निस्टॅग्मस म्हणतात. मूळ ग्रीक शब्द पेंगणाऱ्या माणसाचा. बसल्या जागी झोप अनावर होते, मान हळूहळू कलते आणि एकदम झटक्यानं वर येते. सरळ मराठीत डुलकी. डोळाही तेच करतो: बघायच्या वस्तूवरून हळूहळू घसरतो आणि झटक्यानं परत येतो, बहुतेक वेळा सेकंदाला दोन-चार वेळा. (आपण ज्याला ‘डोळा लवणं’ म्हणून शुभ-अशुभ ठरवतो, तो पापणीचा प्रकार. त्याचा याच्याशी संबंध नाही.) लहानपणापासूनच्या निस्टॅग्मसला लावला जाणारा ‘जन्मजात’ हा शब्दही तसा ढिलाच. बहुतेक बाळांत हे हलणं जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत दिसू लागतं, म्हणून 2001 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटानं नावच बदलून ‘बाल्यावस्थेतला’ असं केलं. नाव बदललं तरी सवय कुठे जाते? डॉक्टर अजूनही ‘कंजेनायटल’ म्हणतात. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर भागात एक मोजणी झाली. 2009 साली छापून आलेल्या तिच्या आकड्यांनुसार दर 10,000 माणसांमागे 24 जणांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा निस्टॅग्मस होता.

अशा माणसाला लोक हमखास विचारतात, ‘तुला सगळं हलताना दिसतं का?’ नाही दिसत. मोठेपणी एखाद्या आजारानं डोळे हलायला लागले तर जग गरगरतं, पण लहानपणापासून हलणाऱ्या डोळ्यांना जग बहुधा स्थिरच दिसतं. थोडं पुसट, पण स्थिर. कॅमेरा इतका हलला असता तर फोटोत नुसते फराटे आले असते. मग हा माणूस पुस्तक वाचतो कसा?

डॉक्टर लोक रुग्णाच्या डोळ्यांत पाहून ‘जोरात हलतात’, ‘थोडे हलतात’ अशी टिपणं करत होते. डेल'ओसोंनी डोळ्याच्या हालचालीचा आलेख काढला. 1968 साली वायोमिंग विद्यापीठात त्यांनी पीएचडी मिळवली ती डोळ्याला नियंत्रण-यंत्रणा मानून. विमानाचा ऑटोपायलट किंवा कारखान्यात यंत्राचा वेग राखणारा गव्हर्नर जसा चूक मोजतो आणि दुरुस्त करतो, तसा मेंदू नजर दुरुस्त करतो. मग अशा यंत्रणेत सतत दोलन कशामुळे राहील, हा इंजिनिअरचा प्रश्न होता. पुढे मायामीत न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट डॅरॉफ यांच्याबरोबर त्यांनी आलेखांचे ढीग जमवले. 1975 साली दोघांनी सांगितलं की या एका दुखण्याचे आलेख 12 वेगवेगळ्या आकारांचे असतात.

त्या आकारांत खरा माल होता. घसरणारा डोळा एकसारख्या वेगानं घसरत नाही. उतारावर सुटलेल्या टायरसारखा त्याचा वेग वाढत जातो. ही या दुखण्याची जणू सहीच. पण प्रत्येक फेरीत एक क्षण असा येतो की डोळा जवळजवळ थांबतो. नागपंचमीचा झोका आठवा. टोकाला गेला की तो क्षणभर थबकतो, आणि तेवढ्यात चलाख मुलगी फांदीचं पान तोडून घेते. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध एक इवलीशी खळी असते, फोव्हिया. बारीक अक्षर वाचता येतं ते फक्त तिथेच. हलणाऱ्या डोळ्याची यंत्रणा अशी जुळलेली असते की त्या थबकल्या क्षणी वस्तूची प्रतिमा बरोबर खळीवर पडते. तो क्षण सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचा, पण मेंदू त्यातच वाचून घेतो आणि बाकीची धावपळ सोडून देतो.

माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत मोठा शोध हाच. यानंतर जे झालं त्याला कात्री, सुई, दोरा लागला. याला फक्त आलेख नीट बघणं लागलं. कारण यामुळे उपचाराचं माप बदललं. डोळा किती हलतो याला फारसा अर्थ उरला नाही. तो किती वेळ थांबतो आणि थांबतो तेव्हा नेमका कुठे असतो, हे मोजायचं.

आता शस्त्रक्रियेकडे. अशा अनेक मुलांना एक निवांत कोन सापडलेला असतो. (डॉक्टर त्याला नल पॉइंट म्हणतात, मला आपला ‘निवांत कोन’ बरा वाटतो.) समजा, डोळे डावीकडे नेले की हलणं मंदावतं. मग मूल आपोआप मान उजवीकडे वळवतं आणि डाव्या कोपऱ्यातून बघतं. कुणी शिकवलेलं नसतं. 1953 साली जगाच्या दोन टोकांना दोघांनी यावर स्वतंत्रपणे तोडगा काढला: व्हिएन्नातून न्यूयॉर्कला गेलेले आल्फ्रेड केस्टेनबाउम आणि मेलबर्नचे रिंगलँड अँडरसन. विचार साधा आणि चलाख. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू. त्यांतले आडवे दोन डोळ्याला डावी-उजवीकडे ओढतात. त्यांच्या जोडणीच्या जागा सरकवून दोन्ही डोळे उजवीकडे फिरवून बसवायचे. मग समोर सरळ बघायलाही मेंदूला ‘डावीकडे बघ’ असाच हुकूम द्यावा लागतो. हुकूम डावीचा, म्हणून निवांतपणाही डावीचा. मान सरळ होते. केस्टेनबाउम चारही स्नायू 5-5 मिलिमीटर सरकवत. 1973 साली मार्शल पार्क्स यांनी 5, 6, 7, 8 असा हिशेब बसवला, म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला 13 मिलिमीटर येतात. तो हिशेब नेत्रशल्यविशारदांना पाढ्यासारखा पाठ असतो.

या शस्त्रक्रियेचा हेतू मान सरळ करण्याचा. नजर सुधारेल असं कुणी म्हणत नव्हतं.

1979 साली डेल'ओसो आणि शल्यविशारद जॉन फ्लिन यांनी शस्त्रक्रियेआधीचे आणि नंतरचे आलेख शेजारी-शेजारी ठेवले. निवांत कोन अपेक्षेप्रमाणे मधोमध आला होता. पण तो रुंदही झाला होता. आणि त्याच्याबाहेर, जिथे डोळा पूर्वी जोरात हलायचा, तिथेही हलणं कमी झालं होतं. हे हिशेबात नव्हतं. दिवाणखान्यातला पंखा काढून मधोमध लावावा आणि तो कमी आवाज करू लागावा, तसं. जागा बदलल्यानं आवाज कसा कमी होईल?

बहुतेकांनी याकडे वरकड फायदा म्हणून पाहिलं असतं. इंजिनिअरला ते सुटेना. शस्त्रक्रियेत दोन गोष्टी होतात: स्नायूची कंडरा डोळ्याच्या पांढऱ्या भागापासून कापतात, आणि मग ती नव्या जागी शिवतात. जागा बदलल्यामुळे कोन सरकला, हे ठीक. मग उरलेला परिणाम नुसत्या कापण्या-शिवण्याचा असेल का? तसं असेल तर जागा बदलायचीच कशाला? कंडरा कापा आणि जिथून कापली तिथेच परत शिवा.

कागदावर हे हास्यास्पद दिसतं. नियंत्रण-यंत्रणेच्या भाषेत मात्र नाही. पण कुठल्या आईला सांगणार, ‘तुमच्या मुलाच्या डोळ्याचे स्नायू कापतो आणि होते तिथेच लावून देतो, बघू काय होतं’? 1998 साली डेल'ओसोंनी ही कल्पना लेखात मांडली. तीही नुसतं गृहीतक म्हणून. आणि तिची परीक्षा द्यायला समोर होता तो काळा कुत्रा. त्याची संमती अर्थातच कुणी घेतली नव्हती. ही गोष्ट सांगताना ते विसरू नये.

कुत्रा एक होता, पण त्याच्या डोळ्यांत दोन स्वतंत्र दोलनं होती, आडवी थरथर आणि वर-खाली सी-सॉ. म्हणून शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करता आली. आधी फक्त आडवे स्नायू: कापले, सोडवले, त्याच जागी शिवले. आडवी थरथर मंदावली. नंतर उरलेले, वर-खाली आणि तिरके ओढणारे स्नायू, तसेच कापून शिवले. सी-सॉही शमलं. ज्या दिशेचे स्नायू हाताळले त्याच दिशेचं दोलन उतरलं. एका प्राण्यावरचा प्रयोग हा पुरावा म्हणून अशक्तच, पण या एकाच प्राण्यात तुलनेची सोयही होती, हे त्याचं बळ. नेत्रशल्यविशारद रिचर्ड हर्टल, विल्यम्स आणि जोनाथन जेकब्स यांच्यासह डेल'ओसोंनी त्याचा अहवाल 1999 साली प्रसिद्ध केला.

मग माशी शिंकली. 2002 साली अॅग्नेस वाँग आणि लॉरेन्स टिकसेन यांनी मकाक माकडांवर हीच शस्त्रक्रिया करून पाहिली. सुधारणा दिसली नाही. वाद पेटला. त्या माकडांचा निस्टॅग्मस वेगळ्या जातीचा होता, मापं वेगळी होती, असा एका बाजूचा दावा. जागच्या जागी शिवून काहीही होत नाही, असा दुसऱ्या बाजूचा. तटस्थपणे पाहिलं तर दोघांकडे थोडं थोडं होतं. एका कुत्र्यावरून जग जिंकता येत नाही, आणि मोजक्या माकडांवरून हरताही येत नाही.

उत्तर माणसांतच मिळणार होतं. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या आधारानं हर्टल यांनी 10 प्रौढ रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली. निकाल 2003 साली प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर 10पैकी 9 जणांच्या मुख्य डोळ्यात तो थबकण्याचा क्षण लांबला होता आणि टिकून होता. तक्त्यावरची अक्षरं मात्र 5 जणांनाच जास्त वाचता आली. उरलेल्या 5 जणांत फरक नव्हता. म्हणजे जादू नाही. ज्यांचा पडदाच जन्मतः अधू आहे, जसं वर्णहीनतेत होतं, त्यांचा डोळा थांबला म्हणून पडदा सुधारत नाही. पण एक आकडा मला तक्त्यापेक्षा बोलका वाटतो: नजरेमुळे मनावर येणाऱ्या ताणाबद्दल विचारलं तेव्हा 9 जणांनी तो हलका झाल्याचं सांगितलं. पुढे 5 मुलांवरही लहानशी चाचणी झाली.

तक्ता सगळं सांगत नाही याचं कारणही डेल'ओसोंच्याच प्रयोगशाळेनं नंतर दाखवलं. या माणसांना ‘दिसायला वेळ लागतो’. तक्त्यासमोर कितीही वेळ मिळतो. रस्ता ओलांडताना, बसची पाटी वाचताना, ओळखीचा चेहरा गर्दीत दिसताना तो वेळ मिळत नाही, कारण डोळ्याला नव्या वस्तूवर पोचून आपला थबकण्याचा क्षण गाठावा लागतो. तो क्षण सुधारला की हे लवकर जमतं.

पण कापून जागच्या जागी शिवल्यानं हे का व्हावं?

अंधारातही घास नाकात न जाता तोंडात जातो. हात कुठे आहे हे मेंदूला न बघता कळतं, कारण स्नायूंतून खबर जात असते. डोळ्यांच्या स्नायूंतून अशी खबर जाते का, यावर शंभरावर वर्षं भांडण चाललंय. शरीरक्रियाशास्त्रज्ञांपैकी हेल्महोल्ट्झ म्हणत, गरज नाही, मेंदूला आपलाच हुकूम ठाऊक असतो. शेरिंग्टन म्हणत, खबर जाते. डोळ्याच्या स्नायूची कंडरा जिथे मांसाला मिळते तिथे चेतातंतूंची कुंपणासारखी बारीक रांग असते. ती बहुधा ही खबर पाठवते. स्नायू कापला की या खबरेत खंड पडतो किंवा तिचा जोर उतरतो, स्नायूचा ताण बदलतो आणि दोलनाला मिळणारी फोडणी कमी होते, असा डेल'ओसो-हर्टल यांचा तर्क. याला आधार देणारं निरीक्षण 1995चं आहे: कपाळाच्या किंवा मानेच्या कातडीला बाहेरून चेतना दिली तरी काहींच्या डोळ्यांचं थबकणं लांबतं. डोळ्याला हातही न लावता. तर्क अजून तर्कच आहे, पण तो दुबळा नाही.

औषधांचाही एक रस्ता निघाला. लेस्टरमध्ये आयरीन गॉटलॉब यांच्या गटानं गाबापेंटिन आणि मेमँटिन या दोन औषधांची चाचणी 2007 साली प्रसिद्ध केली; दोन्हींनी हलणं कमी होऊन नजर काहीशी सुधारली. गोळी घेत राहावी लागते, हा त्यातला अडसर.

त्याच गटाला दुसरीकडून मोठं घबाड हाती लागलं. काही घराण्यांत हे दुखणं पिढ्यान्‌पिढ्या उतरतं. 2006 साली वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांबरोबर त्यांनी एक्स गुणसूत्रावरचं दोषी जनुक शोधलं, एफआरएमडी7. ते काय करतं हे कळायला आणखी दहा वर्षं गेली. 2016 साली बाझेलच्या बोटोंड रोस्का यांच्या गटानं दाखवलं की उंदरांत हे जनुक बिघडलं की डोळ्याच्या पडद्यातल्या चांदणीच्या आकाराच्या पेशींची जुळणी चुकते. मग पडद्याला आडव्या हालचालीची दिशाच ओळखता येत नाही. उभी हालचाल ओळखता येते. हे जनुक बिघडलेल्या माणसांतही तेच: पट्ट्या आडव्या दिशेनं सरकवल्या तर डोळा त्यांच्यामागे जात नाही, खाली-वर सरकवल्या तर जातो.

म्हणजे निदान या घराण्यांत तरी चूक पडद्यात आणि इलाज स्नायूवर. घरातली तार कुठे खराब आहे हे न कळता स्विचपाशी दुरुस्ती केल्यासारखं. तरीही दिवा मंद का होईना, पण जास्त वेळ चालू राहतो. जनुकाची दुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर कापून जागच्या जागी शिवण्याची ती शस्त्रक्रिया, अनेकदा कोन सरकवण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेबरोबर, काही मोजक्या हातांत चालू आहे.

आणि ती न करताही घरी आणि शाळेत करता येण्याजोगं काही आहे. मूल मान वाकडी करून टीव्ही किंवा फळा बघत असेल, तर ‘मान सरळ कर’ म्हणून ओरडू नका. ते आपल्या निवांत कोनातून बघतंय. आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या, कारण मान वाकडी होण्याची दुसरीही कारणं असतात. निदान निस्टॅग्मसचं झालं, तर वर्गशिक्षकांना भेटा आणि बाक बदलून मागा. मान उजवीकडे वळवून डावीकडून बघणाऱ्या मुलाला फळ्याकडे तोंड करून बसल्यावर वर्गाच्या उजव्या बाजूला, पुढच्या बाकावर बसवा. फळा आपोआप त्याच्या डावीकडे येतो आणि मान सरळ राहते. मान डावीकडे वळत असेल, तर बाक डाव्या बाजूचा.